प्रतिनिधी कोणाचा? : डायान अ‍ॅबट यांची संसदीय वाटचाल

१३ मार्च २०२४ रोजी ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात जे घडले, त्याची नोंद दलित चळवळीतल्या माणसांनी मुद्दाम करून ठेवली पाहिजे. दर बुधवारी दुपारी तेथे पंतप्रधानांना प्रश्न विचारले जातात. एक प्रश्नोत्तर संपले की ज्याला बोलायचे आहे तो सदस्य जागेवरून उभा राहतो, आणि सभापती ज्याचे नाव पुकारतील त्याला संधी मिळते. त्या दिवशी सत्तर वर्षांची एक काळी स्त्री अशी उभी राहत होती, खाली बसत होती, पुन्हा उभी राहत होती. बातमीदारांनी मोजले. ती ४६ वेळा उभी राहिली. तिचे नाव एकदाही पुकारले गेले नाही.

विशेष हे, की त्या दिवशी सभागृहात चर्चा तिच्याविषयीच चालली होती. हुजूर पक्षाला एक कोटी पौंडांची देणगी देणारे उद्योगपती फ्रँक हेस्टर यांनी २०१९ मधल्या एका बैठकीत तिच्याविषयी काढलेले उद्गार दोनच दिवस आधी वृत्तपत्रात छापून आले होते. तिच्याकडे पाहिले की साऱ्या काळ्या स्त्रियांचा तिरस्कार करावासा वाटतो, आणि तिला गोळी घातली पाहिजे, असा त्यांचा आशय होता. आपण उद्धट बोललो हे हेस्टर यांनी मान्य केले. मात्र त्याचा तिच्या रंगाशी वा स्त्री असण्याशी संबंध नाही असा खुलासाही केला. पंतप्रधान, विरोधी पक्षनेते, स्कॉटिश राष्ट्रीय पक्षाचे नेते असे सगळे तिच्याविषयी बोलले. जिच्याविषयी बोलणे चालले होते तिला तेवढे बोलू दिले गेले नाही. वेळ संपला, असे सभापतींच्या कार्यालयाने नंतर सांगितले.

ही स्त्री म्हणजे डायान अ‍ॅबट. ब्रिटिश संसदेत निवडून आलेली पहिली काळी स्त्री. त्या दिवशी तिला सभागृहात बसून छत्तीस वर्षे होऊन गेली होती. छत्तीस वर्षे खुर्ची आहे आणि तरी आवाज नाही, हे कसे? प्रतिनिधित्व म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपल्याकडे १९३२ पासून जळतो आहे. म्हणून या बाईंची वाटचाल आपण बारकाईने पाहावी. त्यांचा गौरव करण्यासाठी हा लेख नाही. त्यांच्या चुकाही यात येतील, आणि त्यांतली एक चूक तर थेट आपल्या अनुभवाशी येऊन भिडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला माणसे हवी होती. कारखाने, रेल्वे, बसगाड्या, नवी सरकारी रुग्णालये चालवायला हात नव्हते. १९४८ च्या जून महिन्यात ‘एम्पायर विंडरश’ नावाचे जहाज वेस्ट इंडीजमधून माणसे घेऊन आले, आणि त्या साऱ्या पिढीलाच पुढे ‘विंडरश पिढी’ हे नाव पडले. याच ओघात जमैकातून आलेल्या आईबापांच्या पोटी २७ सप्टेंबर १९५३ रोजी लंडनच्या पॅडिंग्टन भागात डायान अ‍ॅबट जन्मल्या. वडील वेल्डर, आई परिचारिका. दोघांचीही शाळा चौदाव्या वर्षी सुटलेली.

त्या काळात काळ्या माणसाला खोली नाकारणे किंवा नोकरी नाकारणे बेकायदा नव्हते. घर आणि नोकरी यांतल्या भेदाला बंदी करणारा कायदा १९६८ साली आला. त्याच वर्षी इनॉक पॉवेल या खासदाराने स्थलांतरितांविरुद्ध रक्ताच्या नद्यांची भीती घालणारे कुप्रसिद्ध भाषण केले, आणि लंडनच्या गोदी कामगारांनी त्याच्या पाठिंब्यासाठी मोर्चा काढला. गोरा कामगार काळ्या कामगाराविरुद्ध रस्त्यावर उतरला, ही गोष्ट वर्गलढ्यात जात आपोआप वितळून जाईल असे मानणाऱ्या आपल्याकडील डाव्या मित्रांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अशा वातावरणात ही मुलगी हॅरो काउंटी या मुलींच्या शाळेत शिकली. केंब्रिजला जाण्याचा विचार तिने बोलून दाखवला तेव्हा, तुझी तेवढी कुवत आहे असे मला वाटत नाही, असे शिक्षिकेने सांगितले. मला तसे वाटते आणि माझ्या दृष्टीने तेच महत्त्वाचे, असे उत्तर आपण दिल्याची आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. आपल्यातल्या किती मुलामुलींना ही शिक्षिका भेटलेली आहे! फरक एवढाच, की उत्तर देण्याचे बळ साऱ्यांनाच होत नाही. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजातून इतिहासाची पदवी घेऊन त्या १९७६ साली गृहखात्यात प्रशिक्षणार्थी अधिकारी झाल्या. पुढे नागरी स्वातंत्र्याचे काम करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेत वंशसंबंधांचे काम, मग दूरचित्रवाणीवर पत्रकारिता, मग लंडनच्या स्थानिक प्रशासनात प्रसिद्धी अधिकारी अशी त्यांची वाटचाल झाली. १९८२ ते १९८६ या काळात त्या वेस्टमिन्स्टरच्या नगरपरिषदेवर होत्या.

ही वर्षे ब्रिटनमधल्या काळ्यांसाठी आगीची वर्षे होती. १८ जानेवारी १९८१ रोजी लंडनच्या न्यू क्रॉस भागात वाढदिवसाच्या मेजवानीत लागलेल्या आगीत तेरा काळी मुलेमुली मेली. या मरणाची दखलही कोणी नीट घेत नाही, ही भावना उसळून आली आणि २ मार्चला हजारो काळे लोक कामधंदा टाकून लंडनच्या रस्त्यांवर आले. एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन पेटले. जानेवारी १९८३ मध्ये स्टोक न्यूइंग्टनच्या पोलीस ठाण्याच्या दारातच कॉलिन रोच हा एकवीस वर्षांचा काळा तरुण बंदुकीच्या गोळीने मेला. त्याने स्वतःच गोळी झाडून घेतली, असे सांगण्यात आले. कुटुंबाचा व वस्तीचा त्यावर विश्वास बसला नाही. स्वतंत्र चौकशीसाठी मोर्चे निघाले. हे पोलीस ठाणे ज्या मतदारसंघात होते, तो हॅकनी नॉर्थ अँड स्टोक न्यूइंग्टन. चार वर्षांनी याच मतदारसंघाने डायान अ‍ॅबट यांना निवडून दिले. ही खुर्ची कोणी दान केलेली नव्हती. ती रस्त्यावरच्या माणसांनी मिळवलेली होती.

पण रस्त्यापासून खुर्चीपर्यंतच्या वाटेत एक दार होते. ते होते पक्षाच्या उमेदवारीचे.

ब्रिटनमध्ये राखीव जागा नाहीत. त्यापूर्वी कॉमन्समध्ये बसलेले हिंदी माणसांतले ठळक तिघे म्हणजे दादाभाई नौरोजी, मंचरजी भावनगरी आणि शापूरजी सकलातवाला. तिघेही पारशी, तिघांचाही मुंबईशी संबंध. सकलातवाला १९२९ साली हरले. त्यानंतर काळ्या किंवा आशियाई समाजाचा माणूस त्या समाजाचा म्हणून कॉमन्समध्ये जाण्यासाठी जवळजवळ सहा दशके गेली. ग्रेनाडाहून आलेले डॉक्टर डेव्हिड पिट यांना मजूर पक्षाने १९५९ आणि १९७० साली उमेदवारी दिली. दोन्ही वेळा ते पडले. काळा उमेदवार दिला तर गोरा मतदार मत देत नाही, असा निष्कर्ष पक्षातल्या शहाण्यांनी काढला आणि तो सोयीस्करपणे जपून ठेवला. मते मात्र काळ्या वस्त्यांतून ठरल्याप्रमाणे मजूर पक्षालाच पडत होती.

१९८३ पासून मजूर पक्षातल्या काळ्या कार्यकर्त्यांनी पक्षात ‘काळे विभाग’ असावेत अशी मागणी लावून धरली. पक्षात स्त्रियांचा विभाग होता, युवकांचा विभाग होता. मग काळ्यांचा का नको? येथे ‘काळा’ हा शब्द कातडीच्या छटेपुरता नव्हता. वेस्ट इंडीज, आफ्रिका, भारत, पाकिस्तान, बांगलादेश येथून आलेले सारे त्यात आपणहून सामील झाले होते. आपल्याकडे दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने ‘दलित’ या शब्दात अनुसूचित जाती, जमाती, नवबौद्ध, भूमिहीन, कामगार, स्त्रिया या साऱ्यांना घेतले होते. पँथर हे नावच आपण अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यातून घेतले. शोषितांनी शोषकाने दिलेला अपमानाचा शब्द उलटा फिरवून त्याचे हत्यार करावे, ही रीत दोन्हीकडे सारखीच दिसते.

पक्षाच्या वार्षिक परिषदांनी ही मागणी पुनःपुन्हा फेटाळली. असा वेगळा विभाग म्हणजे पक्षात फूट, वर्णभेदाचेच दुसरे रूप, असा आरोप झाला. पुणे कराराच्या वेळी स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीवर जो आरोप बाबासाहेबांवर झाला, त्याची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही. वेगळे काढलेल्या माणसांनी आपली वेगळी ताकद उभी करायची म्हटले, की वेगळे काढणाऱ्यांनाच एकीची आठवण होते. १९८७ च्या निवडणुकीच्या तोंडावर, पक्षालाच वर्णद्वेषी म्हटल्याबद्दल शॅरन अ‍ॅटकिन या काळ्या विभागाच्या नेत्या स्त्रीची उमेदवारी पक्षाने काढून घेतली.

तरीही दार थोडे किलकिले झाले. ब्रेंट ईस्टमध्ये उमेदवारीसाठी केलेला प्रयत्न फसल्यावर अ‍ॅबट यांनी हॅकनीत उमेदवारी मिळवली. तेथे आधीचे खासदार एर्नी रॉबर्ट्स स्वतः डाव्या विचाराचे, कामगार चळवळीत मुरलेले माणूस होते. त्यांना बाजूला सारून स्थानिक पक्षसभासदांनी काळी स्त्री निवडली. यात चांगल्या माणसावर अन्याय झाला असे काहींना वाटले. पण आपल्यासाठी बोलणारा चांगला माणूस आणि आपल्यातून उठून बोलणारा माणूस, यांत फरक असतो. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत नेमका हाच मुद्दा मांडला होता.

११ जून १९८७ रोजी चौघे निवडून आले. हॅकनीतून डायान अ‍ॅबट, टॉटनहॅममधून बर्नी ग्रँट, ब्रेंट साउथमधून पॉल बोटेंग आणि लेस्टर ईस्टमधून मूळच्या गोमंतकीय कुटुंबातले कीथ वाझ. सभागृहात ६५० सदस्य. त्यांत स्त्रिया अवघ्या ४१, आणि काळी स्त्री एक. या चौघांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. बोटेंग २००२ साली ब्रिटनचे पहिले काळे कॅबिनेट मंत्री झाले. वाझ मंत्री झाले आणि पुढे वादांत सापडून २०१९ साली संसदेबाहेर गेले. बर्नी ग्रँट २००० साली वारले. अ‍ॅबट राहिल्या. सरकारात त्यांना कधीही मंत्रिपद मिळाले नाही.

मंत्रिपद का मिळाले नाही, हे त्यांच्या मतदानाच्या नोंदींत दिसते.

ब्रिटिश संसदेत ‘व्हिप’ म्हणजे पक्षादेश ही मोठी चीज आहे. कोणत्या ठरावावर कसे मत द्यायचे हे पक्ष सांगतो. ते ऐकले तर बढती, नाही ऐकले तर मागचा बाक. आणि पक्षाने व्हिप काढून घेतला, तर सदस्य पक्षाबाहेर फेकला जातो, सभागृहात अपक्ष म्हणून बसतो, आणि पुढच्या निवडणुकीत पक्षाचे तिकीट त्याला मिळत नाही.

१८ मार्च २००३ रोजी इराकवरच्या युद्धाला मान्यता मागणारा ठराव त्यांच्याच पक्षाच्या सरकारने आणला. अ‍ॅबट यांनी विरोधात मत दिले. त्या एकट्या नव्हत्या. १३९ मजूर सदस्यांनी त्या दिवशी पक्षादेश मोडला. युद्ध झालेच. ज्या अस्त्रांच्या नावाने ते केले ती सापडली नाहीत.

११ जून २००८ रोजी, म्हणजे त्या निवडून आल्याला बरोबर एकवीस वर्षे झाली त्या दिवशी, दहशतवादाच्या संशयितांना आरोप न ठेवता ४२ दिवस कोठडीत ठेवण्याची तरतूद सभागृहापुढे होती. पुन्हा आपल्याच पक्षाचे सरकार. अ‍ॅबट विरोधात बोलल्या. समाजाला नकोसा, संशयित, बदनाम झालेला जो माणूस आहे, त्याच्या स्वातंत्र्यासाठी संसद उभी राहते की नाही, हीच संसदेची परीक्षा आहे, असे त्यांच्या बोलण्याचे सार होते. संशयावरून उचलला जाणारा मुलगा कोणत्या वस्तीतला असतो, हे हॅकनीच्या प्रतिनिधीला कोणी शिकवायला नको होते. तरतूद ३१५ विरुद्ध ३०६ अशी केवळ नऊ मतांनी कॉमन्समध्ये पार पडली. ऑक्टोबरात लॉर्ड्सनी ती फेटाळली आणि सरकारने सोडून दिली. त्या भाषणाला वर्षातले उत्कृष्ट संसदीय भाषण म्हणून पुरस्कार मिळाला, तोही एका उजव्या साप्ताहिकाकडून.

तिसरे मत २०१४ सालचे. हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालील आघाडी सरकारने स्थलांतरितांबाबत नवा कायदा आणला. घरमालकाने भाडेकरूची कागदपत्रे तपासावीत, बँकेने खातेदाराची तपासावीत, आणि कागद नसलेल्या माणसाचे जगणेच अवघड करून टाकावे, असा त्याचा रोख होता. मजूर पक्षाने त्याला ठाम विरोध केला नाही. विरोधात मत देणाऱ्या मोजक्या मजूर सदस्यांत अ‍ॅबट होत्या. चार वर्षांनी परिणाम उघड झाले. लहानपणी आईबापांबरोबर कायदेशीरपणे आलेले, आयुष्यभर ब्रिटनमध्ये राबलेले, कर भरलेले विंडरश पिढीचे लोक ‘कागद दाखवा’ म्हणून नोकरीतून, घरातून, रुग्णालयातून हाकलले गेले होते. कित्येकांना अटक झाली, काहींना देशाबाहेर काढले गेले. एप्रिल २०१८ मध्ये गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हा विरोधी बाकावरून त्या खात्याचा जाब विचारण्याची जबाबदारी अ‍ॅबट यांच्यावर होती. ज्या गृहखात्यात त्या १९७६ साली शिकाऊ म्हणून शिरल्या, त्याच खात्याला त्या आपल्या आईबापांच्या पिढीचा हिशेब मागत होत्या. २०१४ साली हरलेल्या मताचे मोल २०१८ साली कळले. अल्पमतातल्या मताला अर्थ नसतो असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

२०१० साली त्या मजूर पक्षाच्या नेतेपदासाठी उभ्या राहिल्या. या पदासाठी उभी राहणारी ही पहिली काळी व्यक्ती. पण उमेदवारीसाठी ३३ खासदारांच्या सह्या लागत होत्या. त्या पुऱ्या करण्यासाठी प्रतिस्पर्धी उमेदवार डेव्हिड मिलिबँड यांनीच त्यांना सही दिली. पाच जणांत त्या शेवटच्या आल्या. उसन्या सह्यांवर यादीत नाव येते, सत्ता येत नाही. २०१५ साली जेरेमी कॉर्बिन पक्षाचे नेते झाले तेव्हा कोठे अ‍ॅबट पुढच्या बाकावर मानाने बसल्या. २ ऑक्टोबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांत पक्षाच्या वतीने उभ्या राहणाऱ्या त्या पहिल्या काळ्या खासदार ठरल्या.

याची किंमत त्यांनी रोज मोजली. २०१७ साली अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने स्त्री खासदारांना ट्विटरवरून येणाऱ्या शिव्यांची मोजणी केली. त्या वर्षीच्या निवडणुकीपूर्वीच्या सहा आठवड्यांत सगळ्या स्त्री खासदारांना मिळून जेवढ्या शिव्या आल्या, त्यांतल्या सुमारे ४५ टक्के एकट्या डायान अ‍ॅबट यांच्या वाट्याला होत्या. त्याच निवडणुकीत एका नभोवाणी मुलाखतीत पोलिसांच्या खर्चाचे आकडे त्यांच्याकडून चुकले, आणि देशभर त्यांची टिंगल झाली. त्यांना मधुमेह होता हे नंतर समजले. आकडे चुकले ही चूकच. पण गोऱ्या मंत्र्याचा आकडा चुकला की तो आकडा चुकतो. काळ्या बाईचा चुकला की तिची साऱी जमातच नालायक ठरते. गुणवत्तेच्या नावाने चालणारा हा खेळ आपल्याला नवा नाही. हॅकनीच्या मतदारांनी मात्र त्याच निवडणुकीत त्यांना ७५ टक्के मते दिली.

आणि हा छळ केवळ विरोधकांकडून नव्हता. मजूर पक्षाने स्वतःच नेमलेल्या मार्टिन फोर्ड यांच्या चौकशीचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला. पक्षाच्या वरिष्ठ नोकरवर्गाने आपापसांत पाठवलेल्या संदेशांत अ‍ॅबट यांच्याविषयी जे लिहिले होते त्यात वर्णद्वेष दिसतो, असे त्या अहवालाने नोंदले. जो पक्ष काळ्यांची मते घेतो त्याच्याच कचेरीतली ही भाषा.

आता त्यांच्या चुका. आपल्या माणसांच्या चुका झाकण्याने चळवळ वाढत नाही.

पहिली चूक शिक्षणासंबंधी. लंडनच्या सरकारी शाळांत काळी मुले मागे पडतात, शाळेतून काढली जातात, या प्रश्नावर अ‍ॅबट यांनी सातत्याने परिषदा भरवल्या. मुलांना निवडक शाळांत घालणाऱ्या आपल्याच पक्षाच्या नेत्यांवर त्यांनी टीका केली होती. आणि २००३ साली त्यांनी आपला मुलगा महागड्या खासगी शाळेत घातला. याचे समर्थन करता येणार नाही, असे त्यांनी स्वतःच कबूल केले. आई म्हणून त्यांची भीती खरी होती. काळ्या मुलाचे त्या शाळांत काय होते हे त्यांच्याइतके कोणाला माहीत होते? पण ज्या आईकडे पैसे नव्हते तिच्या मुलाचे काय? जिल्हा परिषदेच्या शाळांवर भाषणे करून आपली मुले कॉन्व्हेंटात धाडणाऱ्या आपल्या शिकलेल्या मध्यमवर्गानेही हा प्रश्न स्वतःला विचारावा. प्रस्तुत लेखकही त्यातून सुटत नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. २३ एप्रिल २०२३ रोजी ‘ऑब्झर्व्हर’मध्ये त्यांचे एक पत्र छापले गेले. आयरिश, ज्यू आणि भटके ट्रॅव्हलर लोक यांना पूर्वग्रह सोसावे लागतात, पण काळ्यांप्रमाणे आयुष्यभर वंशद्वेष सोसावा लागत नाही, असे त्यात म्हटले होते. लाल केसांच्या माणसांनाही पूर्वग्रह सोसावे लागतात, असा दाखला जोडला होता. गदारोळ झाला. त्यांनी त्याच दिवशी माफी मागितली, कच्चा मसुदा चुकून गेला असे सांगितले. पक्षाने त्याच दिवशी व्हिप काढून घेतला.

या पत्रामागचा अनुभव खोटा नाही. कातडी उतरवून ठेवता येत नाही. काळा माणूस रस्त्यावरून चालू लागला की पोलीस त्याला शंभर पावलांवरून ओळखतो. पण यातून काढलेला निष्कर्ष चूक आहे, आणि तो चूक का आहे हे आपल्याइतके स्पष्ट कोणी सांगू शकणार नाही. जात कातडीवर दिसत नाही. म्हणून तर आडनाव विचारतात, गाव विचारतात, गावात घर कोणत्या बाजूला ते विचारतात. पेशवाईत अस्पृश्याने ओळखू यावे म्हणून हातात वा गळ्यात काळा दोरा बांधावा, पुण्यात पावले पुसायला कमरेला झाडू आणि थुंकी झेलायला गळ्यात मडके बांधून फिरावे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या न झालेल्या भाषणात नोंदवून ठेवले आहे. नाझींनी ज्यूंच्या कपड्यांवर पिवळा तारा शिवायला लावला तोही त्याचसाठी. भेद डोळ्यांना दिसत नव्हता, म्हणून खूण बांधली. खूण बांधून झाल्यावर साठ लाख ज्यू मारले गेले. रोमा भटक्यांच्याही कत्तली झाल्या. आणि ब्रिटनमध्येच सहा आयरिश माणसे न केलेल्या बॉम्बस्फोटांसाठी १९७५ पासून १९९१ पर्यंत तुरुंगात सडली. त्यांची कातडी गोरीच होती.

हा मुद्दा ब्रिटनमध्ये आपल्या माणसांसाठी पुस्तकी नाही. तेथे गेलेल्या दलितांना आपल्याच देशबांधवांकडून जात सोसावी लागते, म्हणून जातीय भेदभावाला कायद्यात बंदी असावी अशी त्यांची मागणी होती. २०१० च्या समता कायद्यात तशी तरतूद करण्याची मुभा ठेवली गेली. २०१३ साली संसदेने ती बंधनकारक केली. आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने आपण ती करणार नाही असे जाहीर केले. न्यायालये एखाद्या प्रकरणात जात ‘वांशिक मूळ’ या शब्दात बसवतील, तेवढे पुरे, असे सांगितले गेले. जी दिसत नाही ती पीडा मोजायची कशाने, हाच तो प्रश्न. आपल्या जखमेने दुसऱ्याची जखम मोजू नये. अ‍ॅबट यांनी हे मोजमाप केले, तेथे त्या चुकल्या, हे त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून म्हटले पाहिजे.

पण चूक एक आणि शिक्षेचे राजकारण दुसरे. त्या एका पत्राच्या चौकशीत वर्ष गेले. याच काळात तो १३ मार्चचा दिवस आला. सभागृह संपल्यावर पक्षनेते कीर स्टार्मर त्यांच्याजवळ आले, काही मदत करू शकतो का विचारले; तेव्हा व्हिप परत द्या, असे त्या म्हणाल्याचे वृत्तपत्रांत आले. व्हिप परत मिळायला मेअखेर उजाडली. निवडणूक तोंडावर आली होती, आणि त्यांना उमेदवारी द्यायची नाही असे पक्षात ठरल्याच्या बातम्या फुटल्या. २९ मे रोजी हॅकनीच्या नगरभवनाच्या पायऱ्यांवर लोक जमले. आपण उभ्या राहणारच, असे अ‍ॅबट यांनी त्यांच्यासमोर सांगितले. दोन दिवसांत पक्षनेत्याला जाहीर करावे लागले की त्या उभ्या राहू शकतात. ४ जुलै २०२४ रोजी त्या पुन्हा निवडून आल्या.

सर्वाधिक काळ सलग सदस्य असलेली स्त्री म्हणून आता त्या ‘सभागृहाची माता’ झाल्या. ९ जुलैला नवी संसद भरली तेव्हा सभापतींच्या निवडीनंतर त्यांचे अभिनंदन करण्याचा मान त्यांना मिळाला. सभापती तेच होते, ज्यांनी चार महिन्यांपूर्वी त्यांचे नाव पुकारले नव्हते. समोर आता २६३ स्त्रिया बसल्या होत्या. वर्षभराने, जुलै २०२५ मध्ये, त्या पत्राबद्दल आपल्याला खेद नाही अशा अर्थाचे त्या नभोवाणीवर बोलल्या आणि पक्षाने त्यांना पुन्हा निलंबित केले. सभागृहाची माता, आणि पक्षात जागा नाही!

या वाटचालीतून आपण काय घ्यायचे?

पुणे करारात आपल्याला १४८ जागा मिळाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेला. जागा आपली, पण निवडून देणारी बहुसंख्य मते दुसऱ्यांची, आणि तिकीट तिसऱ्याचे. पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, मुंबईत बाबासाहेब पराभूत झाले. १९५४ साली भंडाऱ्यातही तेच झाले. त्यानंतर राखीव जागांवरून शेकडो माणसे सभागृहांत गेली. त्यांतली किती पक्षादेश मोडून उभी राहिली? आपल्या वस्तीवर हल्ला झाला तेव्हा आपल्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध किती जणांनी हात वर केला?

डायान अ‍ॅबट यांना राखीव जागा नव्हती. पण त्यांच्यापाशी एक गोष्ट होती, जी राखीव जागेने आपोआप मिळत नाही. पक्षाने टाकले तेव्हा पायऱ्यांवर जमणारी माणसे त्यांच्यापाशी होती. ती एका निवडणुकीत जमत नाहीत. कॉलिन रोचसाठी मोर्चे काढणाऱ्यांपासून विंडरशच्या कागदांसाठी खेटे घालणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत छत्तीस वर्षांचे नाते त्यात असते. पक्ष खुर्ची देतो तशी काढूनही घेतो. लोकांनी दिलेली खुर्ची काढायला पक्षालाही दोनदा विचार करावा लागतो.

आपल्या प्रतिनिधींना जाब विचारताना आपण स्वतःलाही विचारले पाहिजे, की ते एकटे पडतील त्या दिवशी आपण पायऱ्यांवर असू का? सभागृहात त्यांचे नाव पुकारले गेले नाही, तर बाहेर ते कोण पुकारणार आहे?